धुण्याच्या खोलीतला दाखला

सन अठराशे सत्तेचाळीस. त्या वर्षी अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या बंदरात व्हेलचं तेल इतकं उतरलं की धक्क्यावरून चालताना माणसं घसरत. केझाया टॉलिव्हर तिथे लोकांचे कपडे धुवायची. मेरीलँडच्या मळ्यावरून पळून आल्याला तिला नऊ वर्षं झाली होती. गुलामीतल्या दिवसांची हकिगत तिने चुलीवर इस्त्र्या तापेपर्यंतच्या वेळात, तीन हिवाळे बसून लिहिली होती.

छापखान्याचे हिरॅम व्हिटकम पुस्तक छापायला तयार होते. पण अशा पुस्तकाला आधी गोऱ्या सद्गृहस्थाचा दाखला लागे, नाहीतर कोण खरं मानणार? दाखला देणारे पाद्री सीब्युरी म्हणाले, "तिने सांगितलं, दुसऱ्याने लिहिलं, असं छापा."

केझायाला पहिल्या पानावर दोनच शब्द हवे होते, 'स्वतः लिहिलेले'. मळ्यावर चोरून अक्षरं गिरवताना सापडली तेव्हा मुकादमाने चाबकाच्या मुठीने तिची करंगळी मोडली होती. ती वाकडीच राहिली, लिहिताना कागदाला टेकत नसे.

शेवटी परीक्षा ठरली. पाद्री आणि व्हिटकम तिच्या धुण्याच्या खोलीत आले. शेजारीण फिल्यूरा कॉलरना खळ लावत होती.

"बसा, पाद्रीसाहेब. खुर्चीवर तुमचेच सदरे आहेत, सरकवा जरा," केझाया म्हणाली.

"लिही बाई काहीतरी," पाद्री म्हणाले. "पाठ केलेलं नको."

केझायाने दौत ओढली. पाद्री व्हिटकमकडे वळले आणि ती खोलीत नसल्यासारखे बोलू लागले.

"हात बघा तिचे. हे हात कपडे पिळायचे, वाक्यं रचायचे नव्हेत."

"अक्षर तर बरं आहे."

"मागे कुणीतरी मास्तर असणार. आटपा लवकर. उशीर झाला की आमची ही सूप गारच वाढते, वर म्हणते, देवाचं काम करता ना, देव गरम करील."

केझायाने कागद पुढे केला. पाद्री मोठ्याने वाचू लागले. हात, वाक्यं, मास्तर, सगळं आलं. सुपापाशी त्यांचा आवाज बसला.

"पाठ केलेलं नव्हतं, साहेब," केझाया म्हणाली.

व्हिटकमना हसू आवरेना. "एक शब्द गळला नाही हो."

"हाच दाखला छापा," ती म्हणाली. "खोटं असेल तर सही करू नका."

पाद्रींनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली. हे त्यांचं मोठेपण म्हणायला हवं.

व्हिटकमनी पुस्तक चार वेळा छापलं. पाद्रीबाईंनी दाखला वाचला, पण सूप पुढे गरम मिळालं का, ते गावाला कळलं नाही. पाद्री मात्र सभांत तो कागद स्वतः वाचून दाखवत. फिल्यूरा शेवटपर्यंत खळ लावत राहिली. पळालेल्यांना पकडून नेण्याचा कायदा कडक झाला तेव्हा केझाया कॅनडात गेली आणि तिथे पळून आलेल्या बायकांना लिहायला शिकवू लागली. त्या सगळ्या करंगळी उचलून लिहीत. लिहिण्याची रीतच तशी, असं त्यांना वाटे. तिने कधी त्यांचा हा समज दुरुस्त केला नाही.