बाहेरची कडी

"चौकटीचं तेल पुसलेल्या चिंध्यांचं काय केलंत?" काचवाल्याने काचेवरून नजर न हलवता विचारलं.

"काय करणार? बोळा करून कोंबला भुश्शाच्या खोक्यात," पोस्टमास्तर म्हणाले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळे त्यांना पोस्टमास्तरच म्हणत.

काचवाल्याचा हात थांबला. "जवसाचं तेल ना? अहो, तो बोळा आपोआप पेट घेतो! काडी लागत नाही, काही नाही. माझ्या मेहुण्याचं अख्खं दुकान गेलं तसं. कधी टाकलात?"

"जेवायच्या आधी."

म्हणजे अडीच तास झाले. घरात बायको झोपली होती. वाऱ्याने दार आपटून तिची झोप मोडू नये म्हणून या शहाण्याने बाहेरून कडी घातली होती! घराला दार एकच, खिडक्यांना गज. आणि गेल्या वर्षीच्या तापापासून तिच्या नाकाला कसलाच वास येत नव्हता. दूध करपलं तर शेजारीण येऊन सांगायची.

त्यांनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. दुपारी ती आवाज बंद करून ठेवायची. शेजारणीला करावा, तर तिचा नंबर बायकोच्याच फोनमध्ये. काच तिथेच टाकून ते धावत सुटले. धावत म्हणजे काय, गुडघे कुरकुरणारा माणूस धावेल तेवढंच.

कुठून ही अवदसा आठवली! तीस वर्षांपूर्वी तिने रंगवलेलं होड्यांचं चित्र पेटीच्या तळाशी सापडलं आणि तिला न सांगता त्याला चौकट करायचं यांनी डोक्यात घेतलं. पंधरा दिवस मागच्या खोलीत खाटखूट. "काय चाललंय आत?" म्हणून तिने विचारलं की "तुला काय करायचंय?" म्हणत दार लोटून घ्यायचे. कोपरे तिरके कापताना दोनदा चुकले, फटी सरस आणि भुसा कालवून बुजवल्या, कोपऱ्यांवर पानं कोरली. आज तेल लावलं तशी ती पानं अशी उजळली, की स्वारी स्वतःवरच खूश! त्या खुशीतच बोळा खोक्यात गेला होता.

वळणावर त्यांना धाप लागली. पुढे बघायचं धाडस होईना. बघितलं. छपरावर धूर नव्हता. कडी मात्र तशीच होती. घाईत ती दोनदा निसटली.

बायको पुढच्या खोलीतच उभी होती, कमरेवर हात ठेवून. "आलात? माझी उशीची खोळ फाडलीत? एवढी मऊ खोळ, तुम्हाला दुसरी चिंधी मिळाली नाही? भुश्शात पडली होती. धुऊन वाळत घातलीय बघा."

खिडकीच्या गजांवर पिवळट तुकडा लटकत होता. पोस्टमास्तर भिंतीला टेकून खाली बसणार, एवढ्यात त्यांना आठवलं. खोळीचे दोन तुकडे केले होते. एकाने तेल लावलं, दुसऱ्याने पुसलं.

"दुसरा कुठाय?"

"कुठला दुसरा? वर एकच होता."

ते मागच्या खोलीत धावले. खोक्यातून करपल्याचा वास येत होता. हात खाली घातला तर भुसा कढत. बोळा बाहेर ओढला, तशी त्यातून धुराची वळी निघाली. मधोमध तो काळा पडला होता. बोटं पोळली तरी सोडला नाही. न्हाणीतल्या बादलीत टाकला तेव्हा चर्र झालं.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. ती बादलीकडे बघत होती, मग त्यांच्या बोटांकडे. मागच्या खोलीत टेबलावर चौकट आणि होड्यांचं चित्र शेजारी शेजारी पडलं होतं. खोळ शोधताना ते सगळं तिने आधीच पाहिलं होतं.

"मी बाहेरून कडी घातली होती गं," पोस्टमास्तर म्हणाले. "तू आत असताना."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला रस्त्यात गाठून भांडायचं म्हणून निघाले होते. दार ओढलं. उघडेना. हाकाही मारल्या. मग म्हटलं, येतीलच."

पोस्टमास्तर न्हाणीतून बाहेर आले. हत्यारांतून पेचकस घेतला आणि पुढच्या दाराशी जाऊन बाहेरच्या कडीचा पहिला स्क्रू फिरवू लागले.

"आधी हात पाण्यात घाला," बायको आतून ओरडली. ते ऐकायला तयार नव्हते.