पाच पायांचं रेनडिअर

कल्पना करा बाळांनो, तुम्ही एका स्वयंपाकघरात बसला आहात. बाहेर बर्फ खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढलाय आणि शाळेतून येऊन दूध पिईपर्यंत अंधार पडायला लागलाय. शेगडीपाशी तुमची आजी विणतेय. तिला नीट दिसत नाही. कुठंही पाहिलं तरी मधोमध राखाडी डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. ती म्हणते, "तू माझे डोळे. चुकलं की लगेच सांग." आता तिचं चुकलंय. ते तुम्हाला दिसलंय. आणि ती चूक तुमच्या फायद्याची आहे.

काय कराल? घाई करू नका. काइसालाही पटकन सुचलं नव्हतं.

काइसा दहा वर्षांची. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या एका लहान गावात आई आणि आजीबरोबर राहायची. आजीला ती ममू म्हणे. फिनलंडहून आलेल्यांच्या घरी आजीला तसंच म्हणतात, आणि त्या गावात निम्मी घरं त्यांचीच.

दर डिसेंबरात गावच्या बंबखान्यात नाताळची पार्टी व्हायची. आगीचे बंब बाहेर बर्फात काढून ठेवायचे, आत टेबलं मांडायची, आणि प्रत्येकानं अंगात अगदी ध्यान दिसेल असा स्वेटर घालून यायचं. विकतचा चालत नसे, घरीच केलेला हवा. जो सगळ्यात भयंकर, त्याला सोनेरी रंगवलेला जुना बूट बक्षीस. आदल्या वर्षी काइसा साधा निळा स्वेटर घालून गेली, तेव्हा वर्गातला ब्रोडी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काय गं, कुणाच्या मयतीहून आलीस का?" वर्षभर मग तो तिला मयतवालीच म्हणत राहिला.

म्हणून या वर्षी तिला भयंकर स्वेटर हवाच होता. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला, घरी येई ती पाय ओढत. "मला सुईत दोरा ओवायचीसुद्धा ताकद नाही," ती म्हणाली. "जुन्या स्वेटरला चमकी चिकटव आणि जा." काइसानं चिकटवली. वाळल्यावर ती सगळी गळून जमिनीवर पडली.

ते ममूच्या कानावर गेलं. "नाताळच्या पार्टीला पोरीला स्वेटर हवाय, आणि मी काय मेले का?"

"अगं आई, तुझा हात..." काइसाची आई म्हणाली.

"हाताला काय धाड भरलीय?"

उन्हाळ्यात ममूला अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात तेव्हापासून लुळा पडल्यासारखाच होता. त्याआधी तिनं अख्ख्या गावाला हातमोजे आणि टोप्या विणून दिल्या होत्या. कुणाच्या घरी मूल जन्मलं की पहिलं पांघरूण तिच्या हातचं. पण त्या पार्टीला ती कधी गेली नव्हती, आणि तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं, की या पार्टीत स्वेटर मुद्दाम वाईट करायचा असतो. सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. चांगली लोकर घेऊन कुणी जाणूनबुजून घाण काम करतं, असं तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"लाल स्वेटर," ती म्हणाली, "आणि छातीवर पांढरं रेनडिअर. पांढरी लोकर टोपलीत आहे."

पण उन्हाळ्यात आईनं आवराआवर केली होती. टोपलीत आता हिरवट पिवळी लोकर होती, पायपुसण्यासाठी आणलेली. ममूनं ती घेतली आणि पहिली ओळ घातली. पाव बुरसला की जसा दिसतो, तसा रंग उमटला.

काइसानं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला ब्रोडी आठवला.

"बरोबर येतंय ना?" ममूनं विचारलं.

"हो, ममू."

पहिलं खोटं काट्यासारखं टोचलं. दुसरं तेवढं टोचलं नाही. रेनडिअरला पोटाखाली पाचवा पाय फुटला तेव्हा ती 'हो' म्हणाली. एक शिंग मानेतून निघालं तेव्हाही 'हो' म्हणाली, आणि मनातल्या मनात तिला सोनेरी बूट दिसला.

डावी बाही मात्र गुडघ्याकडे निघाली तशी ती घाबरली. टाके कुठं आवळलेले, कुठं बोट जाईल एवढे सैल. "ममू, दमली असशील. राहू दे ना आता."

"दमायला काय झालं?" ममूनं सुया खाली ठेवल्या आणि डावा हात वर धरला. तो थरथरत होता. "डॉक्टर म्हणाले, हा हात आता नावापुरता. आणि बघ. तू शेजारी होतीस म्हणून जमलं हो. एकटीनं माझी छातीच झाली नसती."

 काइसा गप्प बसली. आणि बाळांनो, गप्प बसणंही त्या दिवशी खोटंच होतं.

स्वेटर पुरा झाला. आईनं तो पाहिला आणि तिला खुदकन हसू आलं. मग ती खुर्चीवर बसली आणि तिनं तोंडावर हात धरला.

"तू शेजारी बसत होतीस ना?" तिनं हळूच विचारलं.

"हो."

"मग?"

काइसानं मान खाली घातली.

"आता तिला कळता कामा नये," आई म्हणाली. "पार्टीत खपून जाईल. घालून जा, आणि घरी येऊन सांग सगळ्यांना आवडला म्हणून."

पण ममू ऐकते कुठली. माझं काम चारचौघांत कसं दिसतं ते बघायचंय, म्हणून ती कोट घालून दाराशी जाऊन उभी राहिली. आईनं थंडी सांगितली, निसरडं सांगितलं. ममू म्हणाली, "या बर्फात मी तुझ्याआधीपासून चालतेय."

बंबखान्यात कॉफीचा आणि वेलदोड्याच्या पावाचा वास भरला होता. ममूला मागच्या टेबलापाशी बसवलं, आई तिच्या पाठीशी उभी राहिली. एकेक जण पुढं मांडलेल्या फळीवर चढू लागला. कुणाच्या पोटावर बाटल्यांची झाकणं, कुणाच्या पाठीवर खरंखुरं झाडाचं खोड. हशा पिकत होता, आणि ममू आपली शेजारणीला विचारत होती, "एवढं हसतायत कशाला गं?" शेजारीण पाव चावत राहिली.

काइसा चढली. मग असा हशा उसळला की टेबलावरचे पेले नाचले. ब्रोडी शिट्ट्या मारत होता. तिला वाटलं होतं, हा क्षण फार छान असेल.

बंबवाल्यांचा मुख्य रूडी हेकिला फळीवरच होता. तो म्हणाला, "हे रेनडिअर आहे की बुरसलेली खुर्ची? आणि पाचवा पाय काय, वरकड का? कुणी केलं बाबा हे ध्यान?"

"मी," मागून आवाज आला. ममू टेबलाला धरून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण ते विरत चाललं होतं. "मी विणलंय, रूडी."

रूडीच्या डोक्यावर ममूच्याच हातची टोपी होती. त्यानं ती काढली. हातातला बक्षिसाचा बूट कुठं लपवावा ते त्याला कळेना.

"फार छान झालाय, एल्मामावशी," तो म्हणाला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, हळूहळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तशा. ममू खाली बसली.

काइसा तिच्यापाशी गेली, तेव्हा ममूनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"रूडीचं मी समजते," ती म्हणाली. "तो माझ्या तोंडावर खरं कसं बोलेल? तुझ्या आईचंही समजते. पण तू शेजारी बसली होतीस ना." मग तिनं विचारलं, "कुठं कुठं बिघडलंय?"

मागून आईनं मान हलवली. नको, सांगू नकोस. 'कुठंच नाही, ममू' हे शब्द काइसाच्या जिभेवर तयारच होते. इतके दिवस तेच तर ती म्हणत आली होती.

तिनं आईकडं पाहिलं. मग स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. आतल्या पातळ सदऱ्यात ती कुडकुडत होती. तिनं तो ममूच्या मांडीवर पसरला, ममूचा थरथरता डावा हात उचलला आणि त्याचं बोट पहिल्या हिरवट ओळीवर टेकवलं.

"इथून, ममू," ती म्हणाली. "इथून मला दिसत होतं." आणि ते बोट धरून ती पुढच्या चुकीकडे निघाली.