कशी वाटली माझी चेष्टा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत शामलाताईंच्या मराठीला मान होता. गणेशोत्सवात निवेदन त्यांचं. कुणाकडे मुंज-लग्न निघालं की पत्रिकेचा मसुदा तपासायला माधवगंजात त्यांच्याकडेच यायचा. पोरं घरात हिंदी झाडायला लागली की आया त्यांच्या नावाने दटावायच्या. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबारात कारकुनी करायला आले, दरबार गेला पण आम्ही मराठी सोडली नाही, असं त्या माइकवरून सांगत आणि टाळ्या पडत. न सोडलेल्या मराठीचं मधल्या काळात काय झालं, ते इथे बसून कळण्यासारखं नव्हतं. लोणच्याला का कळतं, आपल्याला बरणीचा वास लागलाय?

त्यांचा एकुलता एक मुलगा ध्रुव पुण्यात एका जाहिरात कंपनीत होता. तो रविवारी फोन करायचा, तोही खाली गाडी थांबली असल्यासारखा. बाकी दिवसभर तो इंटरनेटवरच असतो, हे त्यांना सुनेच्या बोलण्यातून कळलं होतं. मग मुलगा जिथे दिवसभर असतो तिथे आपणही जाऊन बसावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. रील करायला लागल्या त्या एवढ्यासाठी. बाहेर मात्र त्यांनी वेळ जात नाही म्हणून सांगितलं.

त्यांचे यजमान अंबरीशराव, सरकारी नोकरीतून निवृत्त. सोशल मीडियाने देश बुडवला, हे त्यांचं ठाम मत, आणि ते मत ते रोज सकाळपासून सोशल मीडियावरच मांडत. फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो, हेही त्यांनी सिद्ध केलं होतं. एकदा गुडघ्याचं नाव काढलं तर आठवडाभर तेलाच्या जाहिराती आल्या. तरी बायकोचं रील करायचं ठरल्यावर फोन धरायला तेच उभे राहिले. हात थरथरायचा, त्यामुळे सुरुवातीच्या रीलमध्ये थालीपीठ भूकंपात सापडल्यासारखं दिसतं.

शामलाताई पदर सारखा करून स्वयंपाकघरातल्या युक्त्या सांगायच्या. डाळ कशी मऊ शिजवावी, खाली, म्हणजे रिकाम्या, डब्यातला हिंगाचा वास कसा घालवावा. शेवटी हात जोडून, निवेदनाच्या खास आवाजात म्हणायच्या, "कशी वाटली माझी चेष्टा, जरूर सांगा."

त्यांना म्हणायचं होतं, माझा हा छोटासा प्रयत्न. ग्वाल्हेरात चेष्टा म्हणजे तेच. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी आपली नम्र चेष्टा गोड मानून घ्यायला सांगतंच, आणि सगळे ती गोड मानून घेतात.

महाराष्ट्रातल्या लोकांनीही गोड मानून घेतली. आवडली तुमची चेष्टा, त्यांनी लिहिलं. अशीच चेष्टा करवून घेत राहा. आमच्या ऑफिसात सगळे मिळून तुमची चेष्टा बघतो. शामलाताई एकेकाला हात जोडून उत्तर द्यायच्या, आपल्यासारख्यांमुळेच हुरूप येतो. त्या उत्तरांचे स्क्रीनशॉट निघाले, ते वेगळे फिरले.

मग त्यांनी सासऱ्यांच्या पुण्यतिथीला एक रील केलं. तात्यासाहेब, म्हणजे त्यांचे सासरे, पुढारलेल्या विचारांचे होते. त्या काळात त्यांनी सुनांना शिकवलं. शामलाताईंनी डोळे पुसत सांगितलं की तात्यासाहेबांनी घरातल्या प्रत्येक सुनेला शिक्षा दिली, मला तर लग्नानंतर सतत शिक्षा मिळाली, आणि आज मी जी काही आहे ती त्या शिक्षेमुळे.

दोन दिवसांत ते लाखो लोकांनी पाहिलं. खाली रांगेने पिवळे चेहरे आले, डोळ्यांतून घळघळ पाणी वाहणारे. शामलाताईंना वाटलं, लोकांना तात्यासाहेबांसाठी भरून आलं. त्यांनी अंबरीशरावांना बोलावून ते चेहरे दाखवले. वडिलांसाठी एवढी माणसं रडताना बघून अंबरीशरावांनाही गलबलून आलं.

आणि ध्रुवचा रोज फोन यायला लागला.

आज काय केलंस, उद्या काय करणार, अगदी जेवलीस का इथपर्यंत. त्याच्या ऑफिसात तिचीच चर्चा होती म्हणे. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा, की आई, तू काही बदलू नकोस, तू बोलतेस तशीच बोल. आपल्याला असं सांगणारं माणूस आयुष्यात एकदा तरी भेटावं, असं कुणाला वाटत नाही? शामलाताईंना ते पोटच्या पोराच्या रूपाने भेटलं होतं. त्या महिन्यात त्यांनी केस रंगवले.

ध्रुवच्या कंपनीकडे तेव्हा एका नव्या मिक्सरची जाहिरात आली होती. हल्ली वस्तूंना बोललेलं कळावं लागतं, बटण दाबणं मागासलेपणाचं झालंय. हा मिक्सर मराठीत सांगितलं की ऐकायचा. जाहिरातीसाठी ध्रुवने शामलाताईंचं नाव सुचवलं आणि ते लगेच मान्य झालं. फक्त आपली आई आहे हे त्याने ऑफिसात सांगितलं नव्हतं. घरचीच बाई घुसवली म्हणतील, असं तो म्हणाला. शामलाताईंना ते पटलं. एवढ्या मोठ्या ठिकाणी काम करतो, नियम असतीलच.

इंदरगंजात राहणारी त्यांची धाकटी जाऊ सीमंतिनी हिचं माहेर साताऱ्याचं. पहिल्या रीलपासून तिला सगळं कळलं होतं. माहेरच्या भावंडांच्या ग्रुपवर ती प्रत्येक रील पाठवायची, आणि शामलाताईंना फोन करून वहिनी, फार गोड झालंय, असंही सांगायची. रीलपर्यंत तिने सहन केलं. जाहिरात मात्र तिला सहन झाली नाही. पेढे घेऊन शामलाताई तिच्याकडे गेल्या, तेव्हा तिने आधी एक पेढा खाल्ला.

"वहिनी, एक सांगू? राग मानू नका. तिकडे चेष्टा म्हणजे थट्टा."

"थट्टा कुणाची?"

"तुम्ही रोज विचारता ना, माझी चेष्टा कशी वाटली. ते सांगतात, छान वाटली." मग बोट चाटत म्हणाली, "आणि शिक्षा म्हणजे दंड. सासरे सुनांना झोडपायचे असं समजतात सगळे. माझ्या भावाने तर विचारलं, तुलाही मिळाली का गं?"

शामलाताई घरी आल्या, चष्मा लावला आणि सगळ्या प्रतिक्रिया वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचल्या. त्याच होत्या, एक अक्षर बदललं नव्हतं. रडणारे पिवळे चेहरे जवळ धरून पाहिले, तर सगळ्यांची तोंडं उघडी होती. दात दिसत होते.

संध्याकाळी ध्रुवचा फोन आला. त्यांनी विचारलं, तुला माहीत होतं का. तो म्हणाला, "आई, लोक प्रेम करतात तुझ्यावर. त्यातच तर मजा आहे."

"कशात रे?"

तो चिडला. म्हणाला, हसली चार माणसं तर काय होतं? कॉलेजात पहिल्या वर्षी तो 'मी चाय पिली' म्हणाला होता, तर वर्षभर हॉस्टेलमध्ये त्याला चायपिली नावानेच हाक मारत. आरशासमोर उभा राहून त्याने जीभ घासून काढली होती. त्याला ही मराठी दिली कुणी? त्याने कधी तक्रार केली का? आता त्याच मराठीने त्याचं काही भलं होत असेल तर आईने दोन दिवस उभं राहायला काय हरकत आहे? त्याची बढती ह्या जाहिरातीवर होती.

शामलाताईंना नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की पुन्हा रविवार, आणि खाली थांबलेली गाडी. त्या म्हणाल्या, "कधी यायचंय?"

शूटिंग फूलबागेजवळच्या एका हॉटेलात झालं. हॉलमध्ये खोटं स्वयंपाकघर उभारलं होतं, खऱ्यापेक्षा स्वच्छ. ध्रुव पुण्याहून आला तो बाकीच्यांबरोबर त्याच हॉटेलात उतरला. माधवगंज तिथून रिक्षाने काही लांब नाही. तो त्यांना मॅडम म्हणाला. त्यांनीही बरोबर सर म्हटलं, आणि त्यात त्यांची एकदाही चूक झाली नाही.

दिग्दर्शिका यशश्री पुण्याचीच, हसतमुख. तिने जाहिरात समजावून सांगितली. शामलाताई आपल्या पद्धतीने हुकूम सोडणार, सगळं घर गोंधळणार, पण मिक्सरला बरोबर कळणार. आणि मग अक्षरं येणार: यांचीही मराठी कळते. प्रत्यक्षात मिक्सरला कुणाचीच कळत नव्हती. टेबलाखाली एक माणूस बटण घेऊन बसला होता.

"खाली डबा इकडे दे" असं म्हणायचं होतं. शामलाताईंच्या तोंडून "रिकामा डबा" निघालं. सीमंतिनीने सांगितल्यापासून त्या प्रत्येक शब्द बाजारातल्या वांग्यासारखा उलटून पाहत होत्या, आणि आता नेमका किडका शब्द हाताला लागेना. यशश्री म्हणाली, मॅडम, नॅचरल. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा रिकामा. ध्रुव भिंतीला टेकून फोनमध्ये बघत होता, पण त्याचा अंगठा हलत नव्हता.

मग शामलाताईंनी मुलासाठी जिवाचं रान केलं. आठवतील तेवढ्या चुका केल्या, नसलेल्या जोडल्या. मराठीला हिंदी शेपटी लावली, लिंगं फिरवली, शिक्षा, चेष्टा सगळं एकाच वाक्यात कोंबलं. टेबलाखालचा माणूससुद्धा हसला नाही.

यशश्री ध्रुवकडे वळली. शामलाताईंच्या पुढ्यातच, त्यांना मराठी कळत नसल्यासारखी बोलली. "हिला समजलंय रे. आता काही उपयोग नाही."

"मी म्हटलं होतं तुला, लवकर उरकू या," ध्रुव म्हणाला.

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम, खूप छान केलंत, आणि त्यांना एक पुष्पगुच्छ दिला. ध्रुव रिक्षापर्यंत सोडायला आला. आसपास कुणी नाही असं पाहून शामलाताईंनी हळूच विचारलं, जेवायला येतोस का, वरण-फळं केली आहेत. तेवढ्यात दारातून यशश्री बाहेर आली.

"मी कळवतो, मॅडम," ध्रुव म्हणाला.

जाहिरात पुढे मुंबईच्या एका नटीने केली. ध्रुवला बढती मिळाली, हे शामलाताईंना सुनेकडून कळलं. रविवारचे फोनही मग एकाआड एक झाले. त्यांनी रील करणं बंद केलं. यंदा निवेदनालाही घसा धरल्याचं सांगितलं. हल्ली त्या दुकानात भाजी मागतानाही मध्येच थांबतात, आणि भाजीवाला तर हिंदीच बोलतो.

परवा दुपारी अंबरीशराव फोनवर भजन लावत होते. आधी जाहिरात आली. नटीने शामलाताईंसारखाच पदर घेतला होता, तसंच मोठं कुंकू. ती दारात उभी राहून दप्तर पाठीवर टाकलेल्या मुलाला म्हणाली, "खाली पोटी जाऊ नको रे राजा, दोन घास खाऊन निकल."

अंबरीशरावांना हसू आवरेना. ते म्हणाले, बघ, हिला कसं सहज जमलंय.

शामलाताईंनी फोन हातात घेतला. हे वाक्य त्यांच्या एकाही रीलमध्ये नव्हतं. ध्रुव शाळेत असताना त्या रोज सकाळी दारात उभ्या राहून ते म्हणायच्या, आणि ऐकायला तिथे त्याच्याशिवाय कुणी नसायचं. त्याला आठवत होतं तर. अगदी 'निकल'सकट.

जाहिरात वगळायचं बटण आलं. अंबरीशराव म्हणाले, दाब की. त्यांनी दाबलं नाही. शेवटपर्यंत पाहिली, मग शोधून काढून परत एकदा पाहिली.

फोनला काय, त्याला वाटलं बाईंना आवडली. तेव्हापासून काहीही लावा, आधी तीच येते.