अकरा वेळा रद्द

मोबाइल ॲपसाठी तयार बटणं फुकट मिळतात, पण तयार वापरेन तर मी कसली. डोळ्यांच्या दवाखान्याच्या ॲपमधलं 'नंबर लावा' हे बटण मी स्वतः घडवलं. गोल कडा, खाली पुसट सावली. त्यावर कडी म्हणजे एकाच बटणात दोन कामं बसवली. बोट टेकताच नंबर लागायचा आणि तसंच दोन सेकंद दाबून धरलं की रद्द व्हायचा. रद्द झाल्याची खूण म्हणून फोन थरथरायचा. मॅनेजर म्हणाले, "डोकं आहे तुला." आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

घरी बाबांच्या मोतीबिंदूचं घोडं अडलं होतं. डॉक्टर शनिवारनंतर दोन महिने रजेवर जाणार होते. मी नंबर लावते म्हटलं, तर बाबा ऐकेनात.

"लेकीनं केलेलं बटण आहे. मीच दाबणार."

बाबांनी चौतीस वर्षं एका कचेरीची लिफ्ट चालवली होती. बटणाच्या बाबतीत त्यांना शहाणपण शिकवायची घरात कुणाची टाप नव्हती. रोज ते फोन मांडीवर घेत आणि जरा वेळानं जाहीर करत, "लागला." दवाखान्यातून बोलावणं मात्र काही येत नसे.

गुरुवारी सकाळी फोन आला तो काउंटरवरच्या बाईंचा. मीच उचलला.

"आजोबांना नक्की यायचंय का? अकरा वेळा नंबर घेतला, अकरा वेळा रद्द केला. थट्टा चालवलीय का आमची?"

हे ऐकून बाबांचा चेहरा पडला. आपलं बोट उलटसुलट करून बघत म्हणाले, "हेही कामातून गेलं वाटतं." मी फोन त्यांच्या हातात दिला.

"कसं दाबता ते दाखवा बघू."

त्यांनी बोट टेकवलं आणि धरून ठेवलं. फोन थरथरला, तेव्हा सोडलं.

"एवढा वेळ कशाला धरता?"

"दार पुरतं लागेपर्यंत बोट काढायचं नसतं. गुरगुरलं की समजायचं, झालं काम."

"ॲप जरा अडकलंय, बघते," एवढंच बोलून मी ऑफिस गाठलं. अडकलं कसलं, माझी हुशारी नडली होती. रद्द करायला वेगळं लाल बटण केलं आणि थरथर नंबर लागण्याला दिली. मॅनेजर कुरकुरले, "सगळी शोभा घालवलीस." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शुक्रवारी बाबांनी दाबलं, मनसोक्त धरलं, फोन गुरगुरला. शनिवारचा चौथा नंबर मिळाला.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अकरा वेळा रद्द करणारे तुम्हीच का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "मीच. माझ्या बोटाची चूक. बटण माझ्या मुलीनं केलंय, त्यात खोट नाही."

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी बाबांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि हळूच म्हटलं, "बाबा, चूक माझीच होती."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "गुरुवारपर्यंत ते लाल बटण नव्हतं. एवढं दिसतं मला अजून. पण ते चारचौघांत कशाला सांगायचं?"