खालच्या तीन पायऱ्या

चार वाजता मोटरची लाइट येणार होती, आणि साडेतीनला कंपाइलर म्हणत होता, नऊ एरर.

रंजिता पंपघराच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती. मांडीवर कॉलेजच्या सरांनी दिलेला जुना लॅपटॉप. त्यावर ना चित्रं ना बटणं. एक काळी खिडकी, तिच्यात हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं आणि समोरचा काय म्हणतो याची वाट बघायची. समोरचा म्हणजे कंपाइलर. आपण लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्राला कळेल असा करून देणं हे त्याचं काम. त्याचा स्वभाव जुन्या सासूसारखा. चूक असली तर एकीच्या नऊ करून ऐकवणार, आणि बरोबर असलं तर तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

बॅटरी चौदा टक्के होती. लॅपटॉप घरी चार्ज करायचा राहिला होता, घर पंधरा मिनिटांच्या उतारावर, आणि पंपघरात स्टार्टर आणि एका बल्बाशिवाय काहीच नव्हतं. शहाण्या मुलीने करायच्या दोन गोष्टींपैकी एक केली, दुसरी विसरली. घाई माणसाला असंच करते.

"झाला का गो?" जयरामकाकाने तिसऱ्यांदा विचारलं. पाड्याची मोटर तोच सांभाळायचा.

"होतंय काका."

होत काहीच नव्हतं.

सागपाडा डोळखांबच्या वर आहे. चाळीस घरं, एक पायऱ्यांची विहीर, एक मोटर. गेल्या एप्रिलात विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटर कोरडी फिरत राहिली आणि जळाली, कारण जयराम त्या दिवशी शेणव्याला लग्नाला गेला होता. मुरबाडला वाइंडिंगला नेलेली मोटर बावीस दिवसांनी परत आली. तोवर बायका खालच्या ओहोळावरून पाणी आणत होत्या. सोळाव्या दिवशी रंजिताची आई, यमू, दोन हंड्यांसकट खडकावर आपटली. हाड जुळलं, पण उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. अजून तिला स्वतःचा अंबाडा स्वतः घालता येत नाही. रंजिता शहापूरच्या हॉस्टेलवरून घरी आली की आई कंगवा घेऊन तिच्यासमोर बसते. आणि रंजिताला दर वेळी रडू येतं, दर वेळी ती ते गिळते.

म्हणून हा सगळा खटाटोप. विहिरीच्या कठड्याला टांगलेला सेन्सर पाणी किती खाली आहे ते मोजणार, आणि पाणी ठरलेल्या पायरीखाली गेलं की छोटा बोर्ड मोटर बंद करणार. जयराम लग्नाला जावो नाहीतर बारशाला. कोणती पायरी, ते तिने फोनवर त्यालाच विचारून घेतलं होतं.

"चौथी उघडी पडली का बंद करायची," तो म्हणाला होता.

"वरून चौथी की खालून?"

"खालून. वरून कोन मोजतो?"

तिने प्रोग्रामात चार लिहिलं.

आता नऊ एरर कशाच्या, ते शोधायला तिने स्क्रीन सावलीत धरली. सकाळी जीपमध्ये बसल्या बसल्या तिने मोटर बंद झाली की भोंगा वाजवायच्या चार ओळी वाढवल्या होत्या. त्यांतला एक कंस बंद करायचा राहिला होता. एवढंच. तिने कंस टाकला, हुकूम पुन्हा दिला. लॅपटॉपचा पंखा घरघरला. दीड मिनिट गेलं, बॅटरी सहावर आली.

कंपाइलर काही बोलला नाही.

"झालं!" ती ओरडलीच. प्रोग्राम बोर्डात चढवला, हिरवा दिवा लुकलुकला. टाकीखाली हंड्यांची रांग लागली होती, तिथून कोणीतरी शिट्टी मारली. यमू रांगेत नव्हती. ती आंब्याखाली उभी राहून लेकीकडे बघत होती, आणि असं बघत होती की रंजिताने मान खाली घातली.

पावणेचारला बारकीआजी नारळ घेऊन आली. पाड्यातली सगळ्यांत जुनी बाई. विहिरीवर आसरांना, पाण्यातल्या देवींना, दिवा लावायचा मान तिचा. तिने नारळ फोडला, पाणी विहिरीत सोडलं आणि खोबऱ्याचा तुकडा रंजिताच्या हातावर ठेवला.

"चांगला केलास गो पोरी. पन तुज्या मशीनला सांग, आसरांच्या पान्याला तोंड नाय लावायचा."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? खालच्या तीन पायऱ्या आसरांच्या. त्या आपन मोजीत नाय. आपली पहिली त्यांच्या वरती."

खोबरं रंजिताच्या हातातच राहिलं.

सहाव्या वर्षी ती आश्रमशाळेत गेली, तिथून हॉस्टेलला. विहिरीवर दोरी धरायच्या वयात ती इथे नव्हतीच. कॉलेजात सरांनी सांगितलं होतं, प्रोग्रामात मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि ते डोक्यात शिरायला तिला एक महिना लागला होता. पण आपल्याच पाड्यात मोजणी तीन सोडून सुरू होते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशाला? सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोण कोणाला सांगतो?

"काका," तिने विचारलं, "पाणी ओढायच्या पाइपाचं तोंड कुठे आहे?"

"तिसरीला."

पाड्याची तिसरी म्हणजे खरी सहावी. तिने बोर्डाला सांगितलं होतं खरी चौथी. म्हणजे पाइपाचं तोंड उघडं पडलं तरी बोर्ड पाणी आणखी दोन पायऱ्या उतरायची वाट बघत बसणार, आणि मोटर कोरडीच फिरत राहणार. गेल्या वर्षी जशी जळाली, तशीच जळणार. आणि या वेळी जाळणारी यमूची लेक असणार.

बॅटरी चार टक्के. तिने फाइल उघडली, चार खोडून सात लिहिलं. हुकूम दिला. ओळ एकतीस, एरर. आकड्याबरोबर पुढचा अर्धविरामही खोडला गेला होता. तो टाकला. पुन्हा हुकूम, पुन्हा घरघर. दोन टक्के. पाऊण मिनिट. आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच. बोर्डात अजून चारच होतं.

पंपघरातला बल्ब पेटला. लाइट आली होती.

बोर्डात टक् असा आवाज झाला. मोटर गुरगुरली. रांगेतून आनंदाचा गलका उठला, आणि त्याच क्षणी रंजिताने बोर्डाची वायर उपटून काढली. मोटर गप्प झाली. गलकाही.

"काय झाला?" जयराम धावत आला.

सांगता आलं असतं, वायर ढिली झाली. उद्या गुपचूप आकडा बदलता आला असता. कोणाला कळणार होतं? चाळीस घरं तिच्याकडे बघत होती. पाड्यातली पहिली कॉलेजात गेलेली पोर, आणि तिला आपल्या विहिरीच्या पायऱ्या मोजता येत नाहीत. मग नजर आंब्याखाली गेली. यमू डाव्या हाताने उजवा हात धरून उभी होती.

"माझं चुकलं," रंजिता म्हणाली. "मी आसरांच्या पायऱ्या मोजल्या. यंत्र लावलं तर मोटर जळेल."

जयरामने विचारलं, "मंग त्या कंपुटरनी तुला सांगितला नाय?"

"त्याला पायऱ्या काय ठाऊक, काका? कंस राहिला तर ओरडतो. मी चार म्हटलं, तो गप्प बसला."

"मंग आता? दोनच तास लाइट हाय."

बारकीआजीने लुगडं खोचलं. "आता काय आता? हातानं चालू कर. मी जाते खाली." आणि कोणाचं न ऐकता ती भिंतीला धरून उतरली, पाण्याच्या कडेला बसली, पाय पाण्यात सोडून चाचपले. "पानी उतरल तशी मी उतरन. चौथी कोरडी झाली का हाक मारते."

जयरामने स्टार्टर दाबला. रंजिता मधल्या पायरीवर बसली, आजीची हाक वर पोचवायला. तासभर तिने आजीवरून डोळे हलवले नाहीत. आजी एक पायरी सरकली, मग दुसरी. मोटरचा आवाज जरा बदलला की रंजिता पुढे वाके. सव्वापाचला खालून हाक आली.

"बंद कर गो!"

"काका, बंद!"

मोटर थांबली. जयरामने तिच्यावर हात ठेवून बघितलं. "गरम नाय," तो म्हणाला. टाकी अर्ध्याच्या वर भरली होती. बायकांनी हंडे उचलले. जाताना एकीने रंजिताला "पुढच्या बारीला इचारून घे गो," एवढं म्हटलं, आणि ते तिला लागलं, पण कमीच लागलं.

संध्याकाळी घरी तिने लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि सात लिहिलेला प्रोग्राम पुन्हा कंपाइलरसमोर ठेवला. तो गप्प. दुपारी चूक असताना होता तसाच. त्या गप्प बसण्याची आता तिला भीती वाटली.

तिने बोर्डाला हात लावला नाही. सकाळी बारकीआजीला घेऊन ती विहिरीत उतरली. रात्रीतून पाणी वाढलं होतं. थंडगार पाण्यातून पायाने चाचपत दोघी एकेक पायरी खाली गेल्या. आजी थांबली तिथे पाणी गुडघ्यापर्यंत होतं. खालच्या पायऱ्या रंजिताने बांबू घालून मोजल्या. सहा.

"मग ही सातवी," ती म्हणाली.

"चौथी," आजी म्हणाली.

दोघी एकाच पायरीवर उभ्या होत्या.

वर येऊन रंजिताने आकड्याच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, कंपाइलर वाचत नाही, नुसती सोडून देतो, तसली: खालच्या तीन पायऱ्या आसरांच्या, त्या धरून सात. मग प्रोग्राम बोर्डात चढवला. लाइट यायला अजून वेळ होता. यमू कंगवा घेऊन पंपघराच्या ओट्यावर आली आणि लेकीकडे पाठ करून बसली. रंजिता तिचे केस विंचरत राहिली, आणि तिचं सगळं लक्ष विहिरीकडे होतं.