इतर, पस्तीस किलो

सगळा मजला तिला आत्या म्हणायचा. तिचा भाचा कधीकाळी दोन महिने तिथे नोकरीला होता. तो गेला, पण भर बैठकीत त्याने मारलेली हाक तेवढी मागे राहिली. पन्नाशीची बाई, हुद्दा सिस्टिम आर्किटेक्ट. ती स्वतः ना एक स्क्रू पिळायची, ना प्रोग्रामची एक ओळ लिहायची. चौघे जण चार खोल्यांत यंत्राचे चार तुकडे करत बसत, आणि ते तुकडे शेवटी एकमेकांत बसतील ना, ही काळजी तिची. कोणाला किती जागा, किती वीज, किती वजन, हे वाटून द्यायचे आणि चौघांचीही बोलणी खायची.

यंत्र होते काचेच्या पातळ चकत्या तपासणारे. एक हात नवी चकती उचलणार, तेवढ्यात दुसरा तपासलेली ठेवणार. दुसरा हात ही आत्याची कल्पना. तीन वर्षे भांडून तिने तो यंत्रात घालून घेतला होता, आणि आता नेमका तोच जायची वेळ आली होती. गिऱ्हाइकाची जमीन बाराशे किलो पेलणारी, आणि आत्याच्या तक्त्यात बेरीज आली बाराशे नव्वद.

"एक हात काढा," मोठे साहेब म्हणाले. "शंभर किलो हलके होईल. शुक्रवारी सह्या करून मोकळे होऊ."

"साहेब, मग यंत्र निम्म्या वेगाने चालेल."

"जमीन फोडून खालच्या मजल्यावर गेले, तर किती वेगाने चालेल?"

आत्या तक्ता घेऊन बाहेर आली. कुठेतरी पाणी मुरतेय, हे तिला ठाऊक होते. त्या मजल्याची रीतच होती तशी. आपला आकडा सांगताना प्रत्येकाने थोडे खिशात ठेवून सांगायचे, म्हणजे उद्या तुकडा जड झाला तरी कोणी तोंड उघडायला नको. माहीत सगळ्यांना, पण विचारले की सगळे साळसूद.

"माझ्या सांगाड्यावर हात फिरवून बघा, आत्या," सांगाडा आणि दोन्ही हात बनवणारे मामा म्हणाले. हे मामा सगळ्यात जुने. "बरगड्या लागतील हाताला."

"गळ्याशपथ, एक ग्रॅम जास्त नाही," वीजवाला म्हणाला, आणि गळ्याला हात मात्र लावला नाही.

गुरुवारी सकाळी घरी वेगळाच तमाशा. सासूबाई निघाल्या होत्या लेकीकडे. त्यांची बॅग बघून आत्याचा नवरा म्हणाला, "आई, तीस किलो तरी आहे ही."

"वीससुद्धा नसेल!"

"अगं, तीस!"

"मेल्या, तोंडाने काय वजन करतोस? काट्यावर ठेव ना!"

आत्याने चहाचा कप तसाच ठेवला आणि चप्पल घातली. बॅग किती भरली, हे तिला आजतागायत माहीत नाही.

यंत्राची जोडणी बाकी होती, पण तुकडे तर तयार होते. माल रवाना करणाऱ्या खात्यातून तिने चाकांचा मोठा वजनकाटा मागून घेतला आणि ढकलत ढकलत निघाली. मामांचा सांगाडा क्रेनने उचलून काट्यावर ठेवला. मग दोन्ही हात. कागदावर नऊशे वीस, काट्यावर आठशे चौऱ्याहत्तर.

"मामा, बरगड्या?"

"थंडीत आकसल्या असतील," मामा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

वीजवाल्याचे कपाट दोनशे चाळीसचे दोनशे अकरा निघाले. त्याने आता गळ्याला हात लावला, पण नुसताच खाजवायला. पंपवाली सगळ्यांत नवी. तिने नव्वद सांगितले होते ते खरेखुरे तोलून. काटा मात्र एकशे चारवर थांबला. पोरीचे तोंड एवढेसे झाले. तिने पंप तेल न भरताच तोलला होता.

"खिसा नसलेली तू एकटी," मामा हळहळले, "आणि जास्त निघालीस तूच!"

प्रोग्रामवाल्याच्या नावावर पाच किलो होते.

"कशाचे रे?" आत्याने विचारले.

"उद्या एखादा जादा संगणक लागला तर? असावेत म्हटलं."

"ठेव मग काट्यावर तुझे पाच किलो," मामा म्हणाले, आणि पंपवालीसुद्धा खुदकन हसली.

आत्याने नवी बेरीज केली. बाराशे चोवीस. एवढी सगळ्यांची अब्रू काढून चोवीस किलो जास्तच. हात वाचत नव्हता. ती मटकन खुर्चीत बसली.

मामांनी मागून तक्त्यात डोकावले. "आत्या, हे खाली काय? 'इतर, पस्तीस'. हे कोणाचे?"

आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ते... वायरी, झाकणे, रंग."

"वायरी माझ्या कपाटात मोजल्या," वीजवाला म्हणाला.

"झाकणे माझ्या सांगाड्यात," मामा म्हणाले.

उरला रंग. त्याचे डबे तोलले, तर सहा किलो. बाकीचे एकोणतीस आत्याच्या खिशातले. तिघांनी खिशात घातलेल्यावर तिने आणखी आपले घातले होते. वीजवाल्याने घातलेली शीळ दारापर्यंत ऐकू गेली.

अकराशे पंचाण्णव!

शुक्रवारी मोठ्या साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि उठून केबिनचे दार लावले.

"आत्या, खरं सांगू? गिऱ्हाइकाने तेराशे सांगितले होते. शंभर मी मागे ठेवले. तुम्ही लोक फुगवता ना!"

आत्या उभीच राहिली. म्हणजे दोन रात्री झोप नाही, काटा ढकलून पाठ धरली, चारचौघांत शोभा झाली, ती कशासाठी? तिच्या जिभेवर पुष्कळ काही आले. पण एकोणतीसवालीने शंभरवाल्याला कोणत्या तोंडाने बोलायचे?

"दोन्ही हात राहिले, हे लिहून द्या," ती एवढेच म्हणाली. साहेबांनी मुकाट्याने लिहून सही केली.

बाहेर चौघे ताटकळत होते.

"राहिले दोन्ही!" तिने कागद उंच धरला. मामांनी वीजवाल्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

मग मामांनी आवाज खाली आणला. "आत्या, मर्यादा बाराशेच ना? नाही, सांगाड्याला आणखी एक आडवी पट्टी घालावी म्हणतो."

"मला पंखा थोडा मोठा हवा होता," वीजवाला म्हणाला.

आत्याने चौघांकडे आळीपाळीने बघितले.

"बाराशेच," ती म्हणाली. "त्यावर एक ग्रॅम नाही. गळ्याशपथ."

"मग हसताय कशाला?"

"हात वाचला म्हणून," आत्या म्हणाली आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.