पिल्लाची राखण

आमचे नाना, म्हणजे बुधाजी, यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघायचं नाव नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन आले ते त्याच आठवड्यात फळीवरचे देव नेऊन समुद्रात सोडून मोकळे झाले. या खोलीत आता विटाळ हा शब्दसुद्धा नको, असं आईला बजावलं. जसा काही तो शब्द तिनेच घरात आणला होता! गिरणीत नाना सूतखात्यात होते. साळखात्यात कापड विणताना धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे आणि आमच्या तोंडचं सूत इतरांना चालत नसे. म्हणून तिकडचं दार त्यांना बंदच होतं. त्या शब्दाचा त्यांना एवढा राग का, ते वेगळं सांगायला नको.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. काळाचौकीची आमची चाळ तेव्हा मुंबईसाठी भांडत होती. रोज कुठेतरी सभा, मोर्चा, घोषणा. या धामधुमीत चाळीमागचं रान साफ झालं आणि आम्हा शहाण्यांना पत्ताही लागला नाही. रान म्हणजे काय, घाणेरीची झुडपं, चार एरंड आणि एक उंबर. कुणाची तरी इमारत उठणार होती, तेवढ्यासाठी तेही गेलं.

दयाळाचं घरटं तेवढं वाचलं, कारण ते चाळीच्या फुटक्या पाइपात होतं. काळा-पांढरा नर भल्या सकाळी गच्चीच्या भिंतीवर बसून अशी शीळ घाली की नानांना पहिल्या पाळीसाठी वेगळं उठवावं लागत नसे. दयाळाची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात. मग काही दिवस झुडपात लपून राहतात आणि आईबाप त्यांना तिथे भरवतात. हे मला फार पुढे कळलं. त्या वर्षी लपायला झुडूपच नव्हतं. एक पिल्लू टुणटुणत आलं ते थेट नळाजवळच्या फरशीवर. आखूड शेपूट, छातीवर तपकिरी ठिपके, आणि पिंपामागे मांजर दबा धरून बसलेलं. नाना नेमके पाळीवरून येत होते. त्यांनी पिल्लू ओंजळीत उचललं.

वर आणल्यावर आई म्हणाली, गच्चीच्या भिंतीवर ठेवा, त्याची आईच येऊन बघेल. पण शेजारच्या खोलीतली कमळाआत्या, नानांची थोरली बहीण, दारातच उभी होती.

"माणसाचा हात लागला त्येला," ती म्हणाली. "आता त्येचीच पाखरं त्येला टोचून मारतील."

हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. ज्याने त्याने लहानपणापासून हेच ऐकलेलं. नानांनी तर गावी एक चिमणी अशी मेलेली पाहिली होती म्हणे. त्यांनी पिल्लू खिडकीशी कोंबड्यांच्या डाल्याखाली ठेवलं आणि जीव वाचवण्याचा विडा उचलला.

सातूचं पीठ भिजवून ते काडीने भरवत. पिल्लू थोडं गिळे, बाकीचं मान झटकून टाकून देई. तोवर नर खिडकीच्या गजांवर येऊन बसे. चोचीत अळी असायची, हे मी पाहिलं होतं, सगळ्यांनीच पाहिलं होतं. पण तो टोचायलाच आला, असं आमचं ठरलेलं. नाना पंखा उगारून त्याला हाकलत. ते पाळीवर गेले की आत्या पहाऱ्याला बसे. मादी खिडकीसमोर उठणाऱ्या इमारतीच्या परांचीवरून दिवसभर ओरडायची. आत्या म्हणायची, बघ कशी चवताळलीय.

पिल्लू मलूल होत गेलं. नानांचं जेवण तुटलं. पंचशीलातला पहिलाच नेम जीव न मारण्याचा, आणि दीक्षेनंतर हा पहिलाच जीव आपल्या हाती आलाय, हा हातचा जाऊ द्यायचा नाही, असं ते आईला पुन्हा पुन्हा सांगत.

वैशाख पौर्णिमेला चाळीत आमची पहिली बुद्धजयंती होती. आत्या खाली हार करायला गेली होती, नाना मोरीत अंघोळीला. पाणी पाजायला म्हणून आईने डालं तिरकं केलं, तोच नर आत घुसला. आईने हात उचलला, पण तो तसाच हवेत राहिला. नराने पिल्लाच्या तोंडात अळी घातली, मागे सरकला, पिल्लाने गिळली नाही म्हणून पुन्हा उचलून घातली. दारात नाना उभे होते, ओल्या अंगाने.

"तो टोचत नाहीये हो," आई म्हणाली. "भरवतोय."

नानांनी पिल्लू घेतलं आणि तसेच गच्चीवर धावले. भिंतीवर ठेवलं. नरमादी दोघंही लगेच आली, अगदी त्यांच्या हाताजवळ. पण पिल्लाला आता चोच उघडायचीही ताकद नव्हती. वंदनेला माणसं जमायच्या आत ते गेलं.

आत्या समजूत घालायला आली. पाखराचं आयुष्य ते केवढं, वगैरे बोलू लागली. नाना तिच्यावर कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही चढवला नाही.

"आक्का, विटाळ त्यांच्यात नव्हताच," ते म्हणाले. "तो आपणच घातला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर पुन्हा खिडकीत आला. चोचीत अळी तशीच. रिकाम्या डाल्याभोवती फिरला, एकदा आत डोकावला, पुन्हा गजांवर जाऊन बसला. नाना त्या दिवशी पाळीला गेलेच नव्हते. भिंतीला टेकून ते त्याच्याकडे बघत होते.

"बाप होता गं तो," ते मला म्हणाले. "पोराला भरवायला येत होता. आणि मी त्याला मारेकरी समजून हाकलत राहिलो."